मेहुणीचा हक्क

बिश्केक, ३ सप्टेंबर

कारा-तेक्तिरच्या लोकहो, चहाभोवती मांडी घालून बसलेल्या बायांनो आणि बाप्यांनो!

पत्र मेदेर दाजींच्या नावाचं आहे. पण दाजी ते तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवणार, आणि तेही घोड्यांच्या सामन्याचं समालोचन करतात त्याच आवाजात, हे मला ठाऊक आहे. म्हणून थेट तुमच्याशीच बोलते. तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे. आपलं कुणी ऐकत नाही! तुम्ही कचेरीत अर्ज देता, तिथला कारकून त्यावर चहाचा पेला ठेवतो. आम्ही शहरात तक्रार करतो, आम्हाला दुसऱ्या खिडकीवर पाठवतात. निवडणुकीपुरते आपण नागरिक, एरवी नुसती गर्दी.

म्हणून आम्ही काही जणांनी नवा देश काढलाय. हसू नका. 'खड्ड्यांचं प्रजासत्ताक' असं त्याचं नाव, आणि तो फक्त फोनवर आहे. आमच्या गल्लीत एक खड्डा होता. दोन वर्षं अर्ज करून तो बुजला नाही. मग आम्ही त्यात प्लास्टिकची बदकं सोडली, काठावर 'राष्ट्रीय सरोवर, पोहण्यास मनाई' अशी पाटी लावली आणि फोटो टाकला. आठवड्याच्या आत डांबर पडलं! अर्जाला न घाबरणारे साहेब हसण्याला घाबरले. आज आमच्या देशात दोन लाख नागरिक आहेत. प्रत्येकाला चित्रातला पासपोर्ट मिळतो.

आता दाजी, तुमच्याकडे येते. ताईने टेकडीवर चढून, नेटवर्क पकडून, मोठ्या अभिमानाने तुमचा सभेतला व्हिडिओ पाठवला. खडी काढणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर पडद्यावर नदीचा नकाशा दाखवतोय, सगळे गंभीर, आणि आमचे दाजी टोपी सावरत उठतात आणि विचारतात, "दाराशी बांधलेला मेंढा कुणाचा?" माझ्या हातातला चहा सांडला! मी तेवढा तुकडा कापून आमच्या पानावर टाकला. खाली लिहिलं: प्रजासत्ताकाचा पहिला मानकरी. मेहुणीने दाजींची थट्टा करायची नाही तर कुणी करायची? मी माझा हक्क बजावलाय.

तुमची बुरुल

*

कारा-तेक्तिर, १२ सप्टेंबर

बुरुल,

पत्र वाचलं. अर्थातच मोठ्याने. तुझी ताई म्हणाली, "हळू वाचा, घोडी बिथरेल." मानकरी झालो म्हणून मी तिला म्हटलं, आता मला उठून चहा दे. ती म्हणाली, मानकऱ्यांना हात नसतात का?

तुझा व्हिडिओ इथे सगळ्यांनी पाहिला. मीही टेकडीवर जाऊन पाहिला. छान आहे, टोपी जरा वाकडी दिसते. एकच सांगतो. माझ्या प्रश्नानंतर इंजिनिअर मला वडीलधारा मानून म्हणाला होता, "आक्साकाल, तो आमच्याकडून गावाला भेट. सभा झाली की कापू, सगळे मिळून जेवू." मला त्याच्याकडून तेच वदवून घ्यायचं होतं. ज्याचं मटण खाऊन उठायचं त्याच्या तोंडावर नाही म्हणायला आपल्या माणसांची जीभ रेटत नाही, हे तू जाणतेस. म्हणून म्हटलं, नदीचं नंतर बोलू, आधी जेवण कुणाचं ते सर्वांसमोर कळू दे. ते कळलं आणि निम्मी माणसं न जेवता घरी गेली. तू नेमकं ते उत्तर कापलंस. असो. मेहुणीच्या कात्रीपुढे कुणाचं काय चालतं!

दुसरी सभा २८ तारखेला आहे. कंपनीला नदीच्या वळणावर खणायचंय. किती खोल, ते सांगत नाहीत. वळणाखालीच आपला झरा आहे आणि सगळं गाव त्याच्यावर पितं. नदीचा तळ खाली गेला की झऱ्याचं पाणीही खाली जाणार. मी तेवढंच विचारणार आहे: किती खोल?

काल बाजारात एक अनोळखी बाई मला पाहून "बें" म्हणाली. वयाने माझ्याएवढी असेल. तिच्या नातीने फोन दाखवला असणार. मी हसलो. पण घरी येताना विचार करत होतो, तुझ्या त्या देशातले दोन लाख लोक सगळेच माझ्या मेहुण्या लागतात का? दोन लाख मेहुण्या! सासरेबुवांनी हे लग्नाआधी सांगायला हवं होतं.

मेदेर

*

बिश्केक, २० सप्टेंबर

दाजी,

तुम्ही आता दोन लाखांचे राहिला नाहीत, सगळ्या देशाचे झालात! "मेंढा कुणाचा?" हे वाक्य सगळीकडे पोचलंय. मंत्री नव्या गाडीजवळ उभा राहून फोटो टाकतो, खाली लोक लिहितात, मेंढा कुणाचा? साहेब शाळेचं उद्घाटन करतात, खाली तेच. विद्यापीठातल्या मुलांनी ते शर्टांवर छापून घेतलंय आणि ओश बाजारात आता ते शर्ट कुणीही विकतं.

तुम्ही उत्तर कापल्याचं लिहिलंत. दाजी, लांब व्हिडिओ कुणी बघत नाही. लोक एवढुसा तुकडा बघतात, हसतात आणि दुसऱ्याला पाठवतात. त्यातूनच सगळं उभं राहतं! माझ्या वडिलांच्या पिढीचा नागरिक म्हणजे रांगेत उभा राहणारा माणूस. त्याच्या हातात कागद, मान खाली. कागदावर शिक्का बसला तर तो नागरिक, नाही तर कुणी नाही. आमचा नागरिक शिक्का मागत नाही. तो हसतो, आणि हसणाऱ्याला धाक घालता येत नाही. ग्रंथ वाचून वाचून माझे डोळे गेले, पण पुस्तकांनी जे केलं नाही ते बदकांनी केलं. मी हे भर चौकात, भाषणात सांगते आणि तुम्हालाही सांगते.

सोबत एक शर्ट पाठवतेय. सभेला तोच घाला. उभे राहिलात की समजा, अख्खा देश तुमच्या पाठीशी उभा आहे.

तुमची बुरुल

*

कारा-तेक्तिर, ५ ऑक्टोबर

बुरुल,

पत्र मिळालं. शर्ट मिळाला. सभा झाली.

घोडी बरी आहे. ताईने कुरुत, वाळवलेल्या दह्याचे गोळे, आणि लोण्याचा डबा दिलाय, मार्शरुत्का गाडी चालवणाऱ्या कुबातकडून घे. डबा परत पाठव.

यंदाच्या सामन्यांचं समालोचन एर्किन करणार आहे. माझा घसा बसलाय.

मेदेर

*

बिश्केक, ९ ऑक्टोबर

दाजी,

सभेत एवढे ओरडलात की घसाच बसला? शाब्बास! गरम दुधात लोणी आणि मध घालून घ्या. एर्किनला माइक देऊ नका, तो घोड्यांची नावं विसरतो आणि स्वतःच्या काकाचं कौतुक करत बसतो. सभेचा व्हिडिओ का नाही पाठवलात? इथे सगळे विचारतायत.

डबा पाठवलाय. कुरुत संपला.

बुरुल

*

कारा-तेक्तिर, १६ ऑक्टोबर

बुरुल,

मी अनिपा लिहितेय. मी लिहीत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून समजून घे.

तुझ्या दाजींचा घसा बसलेला नाही.

त्या दिवशी त्यांनी तुझा शर्ट घातला होता. मी म्हटलं, नका घालू. ते म्हणाले, पोरीने पाठवलाय. वरून कोट घातला. गावच्या क्लबात, सभेच्या जागी गेलो तर दारात कंपनीची माणसं चहा वाटत होती, आणि प्रत्येकाच्या अंगात तोच शर्ट! बाजारातून गठ्ठा आणला होता. आपल्या गावच्या पोरांनाही फुकट वाटले. पोरांनी घातले. मला वाटलं होतं, हे वाक्य म्हणजे त्यांच्या डोक्यावर मारायची काठी. ती त्यांनीच हातात घेतली.

तुझे दाजी उठले. "किती खोल खणणार?" एवढं म्हणून होतंय तोच मंचावरून कंपनीचा व्यवस्थापक हसत हसत म्हणाला, "आक्साकाल, मेंढा तुमचाच! घेऊन जा घरी!" अख्खा क्लब हसला. परके हसले असते तर मी काही म्हटलं नसतं. आपले हसले. माझा दीर हसला. तुझ्या दाजींनी पुन्हा विचारलं. मागून कुणीतरी "बें" केलं. त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, कुणाला ऐकू गेलं नाही. मग ते बसले. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली.

गावप्रमुखाने विचारलं, "आणखी कुणाची हरकत?" बुरुल, मला बोलायचं होतं. झऱ्यावर रोज मी जाते, ते नाही. मला सगळं बोलता आलं असतं. पण समोर पोरांनी फोन धरले होते. मी उठले, अडखळले, डोक्यावरचा रुमाल सावरला, की उद्या माझाही मेंढा होणार, हे मला दिसलं. मी बसून राहिले. सगळे बसून राहिले. इतिवृत्तात लिहिलं: हरकत नाही.

मी त्यांना म्हटलं, हे बुरुलमुळे झालं. ते म्हणाले, "तिला हक्क होता." एवढंच. तुला एक वाईट शब्द नाही. मला तेच सहन होत नाही.

तुला आठवतं का माझं लग्न? तू सात वर्षांची होतीस. नवरदेवाच्या टोपीत तू दही ओतलंस आणि ती टोपी त्यांना घालायला लावलीस. त्यांनी तुला उचललं आणि कपड्यांसकट पाटाच्या पाण्यात बसवलं. तू रडलीस, मग ओल्या फ्रॉकने त्यांच्याच मांडीवर बसून जेवलीस. तो हक्क असा असतो. थट्टा करणारीला हात लावता येतो, तिला उलट बोलता येतं, आणि दोघं एका ताटात जेवतात. त्या तुझ्या दोन लाखांना हे कुठल्या पाटात बसवणार?

शेवटची सभा १२ नोव्हेंबरला आहे. गावात राहणाऱ्यांच्या तोंडी हरकती आल्या तर काम थांबवून तपासणी करावी लागते, असा नियम आहे म्हणे. नाही आल्या तर थंडी सरताच यंत्रं येणार. घोड्यांचे सामने सुरू झालेत. माइक एर्किनकडे आहे. हे घरात बसून काचेतून बघतात.

तुझी ताई

*

बिश्केक, २२ ऑक्टोबर

दाजी,

हे पत्र मोठ्याने वाचू नका.

ताईचं पत्र आलं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग मला बसायला जागा सुचेना. 'घसा बसला तर मध घ्या' असं मी लिहिलं होतं. माणूस इतकं आंधळं कसं असू शकतं?

मी काय केलं ते सांगते. तुमचा पूर्ण व्हिडिओ, इंजिनिअरच्या उत्तरासकट, आमच्या पानावर टाकला. खाली लिहिलं की हा प्रश्न म्हणजे विनोद नव्हता, ही चतुराई होती, आणि ती मी कापली. फार थोड्यांनी पाहिलं. एकाने लिहिलं, "लांब आहे." दुसऱ्याने लिहिलं, "आधीचं मस्त होतं, हे कशाला?" मग मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले. मी, जी हजार माणसांपुढे कागद न धरता बोलते! बोलता बोलता मला रडू आलं. तासाभरात माझ्या रडक्या चेहऱ्याला मेंढ्याची शिंगं लावून ते चित्र देशभर फिरू लागलं. करणारे परके नव्हते. आमच्याच प्रजासत्ताकाचे नागरिक होते, ज्यांना मी स्वतः पासपोर्ट काढून दिले. कालपासून मी रस्त्यावर मान खाली घालून चालते. दुकानदार सुटे पैसे देताना हसला, तर तो माझ्यावरच हसला असं वाटतं. दाजी, तुम्ही हे महिनाभर सोसलंत आणि मला कुरुत पाठवलात.

मी म्हणत होते की हसणाऱ्याला धाक घालता येत नाही. खरं आहे ते. पण मी हे पाहिलं नाही की हसणारा दुसऱ्याला धाक घालू शकतो, आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. साहेबाच्या दारावर हसलो तेव्हा दार उघडलं. मग ते हसू तिथे थांबलं नाही, माझ्याच घरात शिरलं आणि माझी ताई तोंड मिटून बसली. कुठल्या हुकूमशहाला जे जमलं नसतं ते मी एका तुकड्यात केलं.

आणखी एक. माझा खरा पासपोर्ट आज काढून बघितला. त्यावर पत्ता अजून कारा-तेक्तिरचाच आहे. म्हणजे त्या सभांना मला मत आहे, आवाज आहे. मी आजवर एकाही सभेला आलेली नाही. दोन लाखांच्या देशात मी भाषणं देत होते आणि तीनशे घरांच्या गावात माझी खुर्ची रिकामी होती.

माफ करा असं म्हणत नाही, कारण तुम्ही लगेच कराल. मला शिक्षा द्या. मी १२ तारखेला येते. सगळ्यांसमोर माझी हवी तेवढी थट्टा करा, मी उलट बोलणार नाही. आणि मग तुम्ही उभे राहा, दाजी. पुन्हा एकदा विचारा.

बुरुल

*

कारा-तेक्तिर, ३० ऑक्टोबर

बुरुल,

तू सांगितलंस म्हणून मनात वाचलं. घोडीला आश्चर्य वाटलं असेल.

तुझ्यावर राग नाही. शिंगं लावलेलं चित्र मी पाहिलं. तुला शिंगं शोभत नाहीत, नाक आडवं येतं. झाली थट्टा. शिक्षा संपली. ये, जेव, जा.

पण मी उभा राहणार नाही. रुसलो म्हणून नाही, नीट ऐक. मी आयुष्यभर मैदानावर ओरडलोय, माझा आवाज कुठवर पोचतो ते मला कळतं. आता मी तोंड उघडलं की लोकांना आधी मेंढा ऐकू येतो. मग मी खोली विचारो, पाणी विचारो, प्रश्न हसण्यातच मरतो. माझ्या तोंडून गेला की झरा हरला. ही गोष्ट मी घरात बसून पुष्कळ तपासली, मला दुसरं उत्तर सापडलं नाही. सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

तू येऊन माझ्यासाठी बोलू नकोस. मेदेरची बाजू घेऊन उठलीस तर पुन्हा मेदेरचीच गोष्ट होईल. बोलायचं तर झऱ्याचं बोल. आणि तू एकटी बोललीस तर म्हणतील, शहरातली पोरगी आली, तमाशा केला, गेली. इथे राहणारं, इथलं पाणी पिणारं कुणीतरी उठायला हवं. कुणी उठेल असं मला दिसत नाही. परवा दोघातिघांना विचारलं. सगळ्यांची एकच नजर: पोरं फोन धरतील.

थंडी वाढलीय, जाड कोट आण.

मेदेर

*

बिश्केक, ४ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र तुझ्या नावाने पाठवतेय आणि तूच वाचून दाखव. अडखळलीस तरी चालेल. एर्किनला बोलाव, दिराला बोलाव, शर्ट घेतलेल्या पोरांनाही बोलाव, त्यांना चहा दे.

गावकऱ्यांनो, मी बुरुल. मेदेर दाजींचं उत्तर कापणारी ती मीच. त्यांचा आवाज मी वीस सेकंदांत खर्चून टाकला आणि तो परत आणण्याचा उपाय माझ्याकडे नाही. दाजी शेजारीच बसले असतील. ते म्हणतील, पुरे कर. नाही करणार. ही लाज मला आयुष्यभर वागवायची आहे, तुमच्यासमोर मोठ्याने वाचली गेली तर निदान ती खरी असेल.

पण मी माझ्या लाजेबद्दल लिहीत नाहीये, तुमच्या लाजेबद्दल लिहितेय. तुम्हालाही लाज वाटतेय, हे मला माहीत आहे. हसलात म्हणून नाही. हसणं कुणालाही येतं. हसून झाल्यावर गावप्रमुखाने विचारलं तेव्हा तुम्ही खाली बघितलंत, त्याची. ताई तेव्हापासून झोपलेली नाही. तुमच्यापैकी आणखी किती जण झोपलेले नाहीत?

तुम्हाला भीती कशाची आहे ते मी सांगते, कारण मी त्यातून गेले. तुमचा चेहरा फिरेल. लोक हसतील. अनोळखी बाई बाजारात काहीतरी बोलेल. काही दिवस जेवण गोड लागणार नाही. एवढंच होतं. माझं झालं, मी जिवंत आहे, काल भांडून भाजीचा भावही कमी केला. आणि एका माणसाचा मेंढा करता येतो, तीनशे घरांचा करता येत नाही. एवढे चेहरे कापायला त्यांची कात्री पुरणार नाही.

आमच्या प्रजासत्ताकाचा पासपोर्ट मिळायला बोट लावावं लागायचं, बस. खरं नागरिकत्व त्याहून फार महाग नाही. पायांवर उभं राहावं लागतं, आपलं नाव सांगावं लागतं, आणि ज्याला आपण बोललो त्याचं उत्तर ऐकायला तिथेच थांबावं लागतं. थांबणं मी विसरले होते.

१२ तारखेला मी तिथे असेन. पोरांना फोन धरू द्या. कुणाच्या हातातून फोन हिसकावू नका. मी पहिली उठेन, म्हणजे हसायचं ते माझ्यावर हसून संपेल. पण माझ्या एका वाक्यावर काम थांबणार नाही, हे दाजींनी बरोबर लिहिलंय. माझ्यामागे इथलं पाणी पिणारी बाई उठायला हवी, तिच्यामागे दुसरी, मग दीर, मग एर्किन. भाषण नको. प्रत्येकाने नाव सांगायचं आणि एकच वाक्य म्हणायचं: नदीच्या वळणावर खणायला माझी हरकत आहे.

ताई, झऱ्यावर रोज तू जातेस. म्हणून सुरुवात तुझ्यापासून, आणि १२ तारखेची वाट बघू नकोस. हा कागद चहाच्या पेल्यांशेजारी ठेव, सगळ्यांसमोर उभी राहा, आणि आत्ता, या क्षणी, आपलं नाव घेऊन ते वाक्य मोठ्याने म्हण.

बुरुल